‘अप्रीती’ या शब्दाचा अर्थ : १८९७ चा केसरी खटला आणि माध्यम कायद्याचे अध्यापन

वृत्तपत्रविद्या व जनसंज्ञापन या विषयाच्या अभ्यासक्रमात प्रसारमाध्यमविषयक कायदे बहुधा कलमांच्या क्रमाने शिकविले जातात. राजद्रोहाचे कलम १२४ अ, त्याची व्याख्या, त्यातील शिक्षा आणि लगेच पुढचे कलम, अशी ही रीत आहे. या कलमाचा अर्थ मात्र संहितेच्या पानांपेक्षा न्यायालयात अधिक घडला, आणि त्या घडणीतील निर्णायक टप्पा एका मराठी वृत्तपत्राच्या खटल्याचा आहे, ही गोष्ट अशा अध्यापनात निसटून जाते.

मेकॉले यांच्या विधी आयोगाने १८३७ मध्ये केलेल्या मसुद्यात राजद्रोहाचे कलम होते. १८६० च्या भारतीय दंड संहितेत ते आले नाही. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांच्या पुढाकाराने ते १८७० मध्ये समाविष्ट झाले. गुन्ह्याचा सारा भार ‘डिसअफेक्शन’, म्हणजे अप्रीती, या एका शब्दावर होता. सरकारच्या कायदेशीर सत्तेची आज्ञा पाळण्याची वृत्ती राखून त्याच्या उपाययोजनांविषयी नापसंती दर्शविणे म्हणजे अप्रीती नव्हे, असे स्पष्टीकरणही कलमाला जोडलेले होते. १८९१ मध्ये कलकत्त्याच्या ‘बंगवासी’ पत्रावरील खटल्यात ज्यूरीचे एकमत झाले नाही, आणि पुढे दिलगिरीवर प्रकरण मिटले.

१८९७ साली पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्ताने लोक त्रस्त झाले होते. १५ जूनच्या ‘केसरी’त शिवाजी उत्सवाचा वृत्तान्त आणि ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता प्रसिद्ध झाली. अफजलखानाचा वध नीतीला धरून होता की नाही, याची चर्चा त्या वृत्तान्तात होती. सतराव्या शतकातील एका घटनेविषयीची ही व्याख्याने होती, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. २२ जूनच्या रात्री रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि २७ जुलै रोजी लोकमान्य टिळकांना अटक झाली.

मुंबई उच्च न्यायालयात न्या. स्ट्रॅची यांनी ज्यूरीला कायदा समजावून सांगताना ‘डिसअफेक्शन’ म्हणजे केवळ प्रीतीचा अभाव, असा अर्थ दिला. द्वेष, वैर, नावड, तिरस्कार, सरकारविषयीची कोणत्याही प्रकारची दुर्भावना त्यात येते. तिची तीव्रता किती हा प्रश्न गौण आहे. लेखनामुळे प्रत्यक्ष दंगा झाला किंवा बंड झाले हे दाखविण्याची गरज नाही. या अर्थाने स्पष्टीकरणातील सवलत जवळजवळ निरुपयोगी ठरली. नापसंती आणि नावड यांमधील रेषा संपादकाने लेखणी उचलताना कशी ओळखावी, याचे उत्तर त्या विवेचनात सापडत नाही.

नऊ जणांच्या ज्यूरीत सहा युरोपियन व तीन भारतीय होते. निकाल सहा विरुद्ध तीन असा लागला आणि टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. ज्या मजकुराच्या भावार्थावर सर्व काही अवलंबून होते, तो बहुसंख्य ज्यूरींपुढे भाषांतरातूनच आला. १९०८ च्या दुसऱ्या खटल्यात टिळकांनी स्वतःच बाजू मांडली आणि न्यायालयाच्या भाषांतरकाराची उलटतपासणी करून शब्दाशब्दाचा कीस काढला, त्यामागे हाच अनुभव असावा. त्यांचे भाषण एकवीस तासांहून अधिक चालले. निकाल सात विरुद्ध दोन. शिक्षा सहा वर्षे काळ्या पाण्याची. ती देणारे न्या. दावर यांनीच १८९७ मध्ये वकील म्हणून टिळकांच्या जामिनासाठी युक्तिवाद केला होता.

स्ट्रॅची यांच्या अर्थावर टीका झाली, तरी सरकारने तो सोडला नाही. उलट १८९८ च्या दुरुस्तीने ‘द्वेष’ व ‘तिरस्कार’ हे शब्द कलमातच घातले, आणि अप्रीतीत राजनिष्ठेचा अभाव व वैराच्या सर्व भावना येतात असे नमूद केले. १९४२ मध्ये फेडरल न्यायालयाने नीहारेंदु दत्त मजुमदार प्रकरणी सार्वजनिक अव्यवस्थेची कसोटी लावून वेगळी वाट धरली. ती प्रिव्ही कौन्सिलने १९४७ मध्ये सदाशिव नारायण भालेराव प्रकरणी मोडून काढली. हेही प्रकरण मुंबई इलाख्यातलेच. स्वातंत्र्यानंतर १९६२ मध्ये केदारनाथ सिंह प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरविले, पण हिंसेस चिथावणी किंवा सार्वजनिक अव्यवस्थेची प्रवृत्ती असेल तरच गुन्हा, अशी मर्यादा घातली. म्हणजे १८९७ मध्ये जी बाब अनावश्यक मानली गेली, तीच पासष्ट वर्षांनी गुन्ह्याचा आवश्यक घटक झाली. कलमाचे शब्द मात्र जवळपास तेच राहिले. केवळ कलम पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला हा बदल दिसणे शक्य नाही.

मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा वापर स्थगित ठेवण्याचा आदेश दिला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली. तिच्या कलम १५२ मध्ये ‘डिसअफेक्शन’ हा शब्द नाही. सशस्त्र बंड, विघातक कारवाया आणि भारताचे सार्वभौमत्व, एकता व अखंडता यांना धोका अशी भाषा आहे. फुटीर कारवायांच्या ‘भावनांना’ उत्तेजन देणे हा भाग मात्र त्यात आहे. त्या भावनांचा अर्थ न्यायालये कोणत्या मजकुरावरून आणि कोणत्या भाषेत लावतात, हे पुढील निकालांतून कळेल.