बल्हारा, मधुमती आणि चिंचणीचा ताम्रपट: परकीय वृत्तांत कसे ताडून पाहायचे?

राष्ट्रकूटांवर काहीही वाचायला घ्या, एक वाक्य हमखास भेटतं: अरब लेखक राष्ट्रकूट राजाला जगातल्या चार मोठ्या राजांत धरत. वाक्य खरं आहे. पण ते तुमच्या प्रबंधात पुरावा म्हणून टाकायच्या आधी जरा थांबा.

हे वाक्य येतं इ.स. 851च्या एका अरबी वृत्तांतातून. तो सुलेमान सौदागराच्या नावाने ओळखला जातो. त्यातला 'बल्हारा' म्हणजे 'वल्लभराज' हे बिरुद. पुढच्या लेखकांत त्याची राजधानी 'मानकीर' येते, ती मान्यखेट, आजचं कर्नाटकातलं मालखेड. बल्हारा अरबांवर माया करतो म्हणून इथले राजे पन्नास-पन्नास वर्षं राज्य करतात, असंही त्यात सांगितलंय. गंमत बघा, तेव्हा गादीवर अमोघवर्ष होता आणि त्याची कारकीर्द साठ वर्षांच्या वर गेली. म्हणजे माहितीला आधार आहे, पण कारण मात्र व्यापाऱ्याच्या सोयीचं आहे. याच वृत्तांतात 'जुर्झ', म्हणजे गुर्जर-प्रतिहार, अरबांचे शत्रू म्हणून येतात. राजा चांगला की वाईट, हे इथे बंदरातल्या वागणुकीवरून ठरतंय.

साधारण 65 वर्षांनी इथे आलेला अल-मसूदी जवळपास तेच सांगतो. मग साक्षीदार दोन झाले का? नाही! जुनं ऐकीव पुढे चालवलेलं असेल, तर साक्ष एकच धरायची. मसूदीचं वजन आहे ते त्याने स्वतः पाहिलेल्या सैमूरबद्दल, म्हणजे चौलबद्दल. तिथे सुमारे 10,000 मुसलमान राहतात, त्यांचा प्रमुख त्यांच्यातलाच असतो आणि शहर 'झंज'च्या ताब्यात आहे, असं तो लिहितो. हा झंज उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या वंशावळीतही सापडतो. इथे मात्र दोन वेगळे साक्षीदार जुळले.

आता बोईसरहून तारापूरकडे या. शेजारच्याच चिंचणीला ताम्रपट सापडले, दि. चं. सरकारांनी ते एपिग्राफिया इंडिकात छापले. त्यातला एक शके 848चा, म्हणजे इ.स. 926चा, इंद्र तिसऱ्याच्या काळातला. मसूदीच्या भेटीनंतर जेमतेम दहा वर्षांनी. त्यात संयान मंडलाचा, म्हणजे संजाण परिसराचा, अधिकारी आहे ताजिक, म्हणजे अरब. नाव मधुमती, जे अभ्यासक मुहम्मदचं संस्कृत रूप मानतात. त्याने फुकट तरीची सोय केली, अन्नछत्र घातलं आणि त्याच्याच संमतीने देवीच्या मठिकेला जमीन मिळाली.

फरक लक्षात आला? मसूदीचा प्रमुख फक्त मुसलमानांपुरता आहे. मधुमतीच्या हाती अख्खं मंडल आहे. अरबी ग्रंथ 'राजा आमच्यावर प्रसन्न आहे' एवढंच सांगतात. ताम्रपट दाखवतो की एक अरब इथल्या कारभाराचाच भाग झाला होता.

पण ताम्रपटही निःस्वार्थी नाही हं. त्यात प्रशस्ती असते, आणि दान टिकावं म्हणून तो कोरलेला असतो. शिवाय एका मंडलावरून सगळ्या साम्राज्याचं धोरण ठरत नाही.

तेव्हा परकीय वृत्तांत हातात आला की वहीत चार रकाने पाडा: कोणी पाहिलं, कोणी ऐकलं, कोणी उतरवलं, आणि सांगणाऱ्याचा फायदा काय. पाचवा रकाना स्थानिक लेखाचा. तो रिकामा राहिला तर तसंच लिहा. तो भरायला जायचं म्हणजेच संशोधन.