गाडीत झोपणारी माणसं आणि एडिसनची बॅटरी

हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. ज्यांना लोकलमध्ये इअरफोनची गुंतवळ सोडवायचा कंटाळा येतो, त्यांच्यासाठी. बोलताना मी जिथं अडखळलो तेवढं गाळलंय, बाकी सगळं तसंच.

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. गेल्या डिसेंबरात मी आणि माझा एक मित्र पुण्याहून भंडारदऱ्याला निघालो. प्लॅन साधा होता: मागची सीट पाडायची, गादी टाकायची, गाडीतच झोपायचं. रील्स बघून बघून डोक्यात बसलेलं खूळ. निघायलाच उशीर झाला, म्हणून रात्री हायवेवरच्या एका ढाब्याच्या आवारात गाडी लावली. बारा व्होल्टच्या सॉकेटमध्ये छोटा इन्व्हर्टर खुपसला, त्यावर लॅपटॉप, दोन फोन, शिवाय दिव्यांची माळ. रात्रभर मस्त लखलखाट. सकाळी सेल्फ मारला तर नुसतं टक, टक, टक. बॅटरी उतरली होती. गाडी ऑटोमॅटिक, म्हणजे धक्का मारून चालू करायचीही सोय नाही.

शेजारी एक मोठा ट्रक उभा होता. ड्रायव्हरकाका केबिनमधून उतरत होते, खांद्यावर टॉवेल, हातात ब्रश. मी म्हटलं, "काका, जंपर केबल आहे. तुमच्या बॅटरीला जोडू का?" ते म्हणाले, "अहो, माझी गाडी चोवीस व्होल्टची. तुमची बाराची. जोडली तर सगळं जाळून बसाल. थांबा, पिकअपवाल्याला बोलावतो." बीटेक माझं झालंय, पण गाडी वाचवली त्यांनी.

पिकअपवाला येईपर्यंत चहा झाला. काकांनी विचारलं, "गाडीत का झोपलात? लॉजला जागा नव्हती?" मी म्हटलं, "नाही काका, हौस." ते हसले. "बरं आहे. आम्ही महिन्यातले वीस-पंचवीस दिवस झोपतो. आम्हाला कुणी हौस म्हणत नाही."

हे वाक्य काही डोक्यातून जाईना. म्हणून आजचा भाग. गाडीत राहण्याचा इतिहास बघायचा, आणि दोन प्रश्न सोबत ठेवायचे. इंजिन बंद झाल्यावर वीज कुठून येते? आणि गाडीत झोपलेल्या माणसाला कॅम्पर म्हणायचं की बेघर, हे कोण ठरवतं?

चला, शंभर वर्षं मागे जाऊ. अमेरिका, १९१० चं दशक. चार मित्र. हेन्री फोर्ड, ज्यानं १९०८ मध्ये मॉडेल टी आणली. थॉमस एडिसन, दिव्यांचा बादशहा. हार्वे फायरस्टोन, टायरवाला. आणि जॉन बरोज, पांढऱ्या दाढीचे निसर्गलेखक, जे १९१८ साली ऐंशी पार केलेले होते. हे लोक उन्हाळ्यात गाड्या घेऊन रानात मुक्कामाला जायचे आणि स्वतःला व्हॅगाबॉन्ड्स म्हणवून घ्यायचे. म्हणजे भटके.

भटके कसले! १९१९ च्या सफरीत सामान आणि लवाजमा मिळून पन्नास वाहनं होती. एक गाडी फोर्डनं खास स्वयंपाकासाठी बनवून घेतलेली. तिच्यात पेट्रोलवर चालणारा स्टोव्ह, बर्फाची पेटी, वर आचारी. दुसऱ्या गाडीत तंबू, खाटा, खुर्च्या आणि विजेचे दिवे ठेवायचे कप्पे. जेवायला मोठं गोल टेबल, मधोमध फिरती थाळी. १९२१ मध्ये तर राष्ट्राध्यक्ष वॉरन हार्डिंग त्यांच्या मुक्कामाला येऊन राहिले. सोबत कॅमेरेवाले असायचेच. देशभर वर्तमानपत्रांत फोटो, थिएटरात फिल्म. आजच्या भाषेत सांगायचं तर पहिले इन्फ्लुएन्सर.

आता विजेकडे येऊ. त्या वेळच्या मॉडेल टीला बॅटरीच नव्हती. पुढून हँडल फिरवून इंजिन चालू करायचं. १९१५ पासून पुढचे दिवे विजेचे आले, पण ती वीज इंजिनच्या फ्लायव्हीलवर बसवलेल्या मॅग्नेटोमधून यायची. इंजिन जोरात तर दिवा जोरात, इंजिन मंद तर दिवा मंद, इंजिन बंद तर अंधार. सेल्फ स्टार्टर आणि बॅटरी मॉडेल टीवर १९१९ पासून मिळायला लागली, तीही सुरुवातीला ठरावीक मॉडेलवरच.

मग रानात तंबूंमध्ये दिवे लागायचे कसे? एडिसन सोबत बॅटऱ्या घेऊन जायचा. स्वतःच्या कारखान्यातल्या.

या बॅटरीची गोष्ट मला फार आवडते. १९०० च्या सुमाराला एडिसन विजेवर चालणाऱ्या गाड्यांसाठी बॅटरी बनवायच्या मागे लागला. तेव्हा शिसं आणि ॲसिडची बॅटरी होती, १८५९ मध्ये गास्ताँ प्लाँतेनं शोधलेली. जड, आणि पूर्ण रिकामी केली की खराब होणारी. एडिसननं निकेल आणि लोखंड वापरलं, ॲसिडऐवजी अल्कली. पहिली आवृत्ती बाजारात आली आणि गळायला लागली. त्यानं उत्पादन थांबवलं, पुन्हा वर्षानुवर्षं खपला, आणि १९१० च्या आसपास पक्की बॅटरी आणली. दणकट. पूर्ण उतरवा, विसरून जा, पुन्हा चार्ज करा, काही होत नाही.

पण तोवर बाजार पुढे गेला होता. स्वस्त मॉडेल टी आली होती. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक स्टार्टर आला आणि हँडल फिरवायची कटकट संपली. विजेच्या गाडीचा मोठा फायदा तोच होता, तोही गेला. शिवाय स्टार्टरला दोन-चार सेकंदांसाठी प्रचंड करंट लागतो, आणि ते काम शिसं-ॲसिडची बॅटरी चांगलं करते. एडिसनची तिथं कमी पडते. म्हणजे ज्या गाडीसाठी एडिसननं दहा वर्षं घातली ती हरली, आणि त्याची बॅटरी खाणीतल्या कामगारांच्या दिव्यांत, रेल्वेच्या सिग्नलमध्ये गेली. आणि रानात, मित्र फोर्डच्या पेट्रोल गाड्यांच्या शेजारी, तंबूत उजेड देत बसली.

माझी चूक नेमकी इथंच होती, मंडळी. गाडीची बॅटरी ही स्टार्टरची बॅटरी असते. धावपटूच म्हणा ना. शंभर मीटर पळवा, पळेल. मॅरेथॉन पळवाल तर कोसळेल. छोट्या गाडीत साधारण ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते. गुणिले १२ व्होल्ट, म्हणजे कागदावर ४२० वॉट-अवर. त्यातली निम्म्याहून जास्त वापरली की तब्येत बिघडते, म्हणजे हातात राहिले २१०. लॅपटॉप ६० वॉट धरला तर साडेतीन तास. बाकी दिवे आणि फोन वेगळेच. हे गणित मला सातवीत येत होतं. केलं नाही, एवढंच.

आता दुसरी बाजू. व्हॅगाबॉन्ड्सचे फोटो बघून सामान्य माणसंही बाहेर पडली. १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात टिन कॅन टूरिस्ट्स नावाची संघटना निघाली. रेडिएटरच्या झाकणावर डाग दिलेला पत्र्याचा डबा, ही त्यांची खूण. गावोगावी गाडीवाल्यांसाठी मुक्कामाच्या जागा निघाल्या. गाडीत राहणं म्हणजे मजा, असं सगळ्यांना पटलं.

आणि मग १९३० चं दशक आलं. मंदी, त्यात ओक्लाहोमा आणि टेक्सासच्या भागात दुष्काळ आणि धुळीची वादळं. शेतं गेली, घरं गेली. लोकांनी जुन्या गाड्यांवर गाद्या, भांडी, पोरं लादली आणि कॅलिफोर्नियाची वाट धरली. त्यातल्या कितीतरी गाड्या फोर्डच्याच. तीच गाडी, तोच रस्त्याकडेचा मुक्काम. फरक इतकाच, की मागून आचाऱ्याची गाडी येत नव्हती.

त्यांचं स्वागत कसं झालं? फेब्रुवारी १९३६ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखानं आपले १३६ पोलीस थेट राज्याच्या सीमेवर पाठवले. शहराचे पोलीस, शेकडो किलोमीटर लांब. खिशात पैसे नसतील तर परत जा. काही आठवडे हे चाललं. शिवाय राज्याचा कायदा होता, की बाहेरच्या गरीब माणसाला राज्यात आणणं हा गुन्हा. डिसेंबर १९३९ मध्ये फ्रेड एडवर्ड्स नावाचा माणूस टेक्सासला गेला आणि आपल्या बेकार मेहुण्याला गाडीत घालून कॅलिफोर्नियात घेऊन आला. बायकोच्या भावाला घरी आणलं म्हणून खटला! सहा महिन्यांची शिक्षा सुनावली, जरी ती स्थगित ठेवली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि नोव्हेंबर १९४१ मध्ये कोर्टानं एकमतानं तो कायदा रद्द केला. माणूस गरीब आहे म्हणून त्याला सीमेवर अडवता येणार नाही.

संपलं? नाही. १९८३ मध्ये लॉस एंजेलिस शहरानं रस्त्यावर उभ्या वाहनात राहण्यावर बंदी घातली. २०१४ मध्ये अपिलाच्या कोर्टानं ती रद्द केली. कारण? नियम इतका मोघम होता, की राहणं म्हणजे नेमकं काय हेच कळत नव्हतं. गाडीत गादी आहे म्हणजे राहता का? जेवणाचा डबा आहे म्हणजे? मग तर समुद्रावरून परतणारं सुट्टीतलं कुटुंबही गुन्हेगार. आणि पोलीस कुणाला पकडणार, हे त्यांच्या मर्जीवर. पुढे शहरानं नवा नियम आणला, तो वाद वेगळा. पण बघा, एडिसनच्या तंबूपासून इथपर्यंत प्रश्न एकच आहे. गादी तीच असते, माणूस कोण आहे ते बघून तिचं नाव बदलतं.

आज तंत्रज्ञान स्वस्त झालंय. १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठात अक्षय पाधी, जॉन गुडइनफ आणि सहकाऱ्यांनी लिथियम आयर्न फॉस्फेटवरचा पेपर छापला. आज गाडीतल्या मुक्कामासाठी लोक बहुतेक हीच बॅटरी घेतात. त्यातही लोखंड आहे, बरं का. एडिसन खूश झाला असता. सोय अशी करायची: राहण्याची बॅटरी वेगळी, स्टार्टरची वेगळी. १०० अँपिअर-अवर म्हणजे जवळपास १२०० वॉट-अवर, आणि त्यातले बहुतेक वापरता येतात. चालत्या गाडीतून डीसी-डीसी चार्जर लावून भरायची, नाहीतर टपावर १०० वॉटचं सोलर पॅनल, जे स्वच्छ उन्हाच्या दिवशी ४०० वॉट-अवरच्या आसपास देतं. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो: वीज संपली म्हणून काचा बंद करून, इंजिन आणि एसी चालू ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणूस झोपेतच जातो.

आता पुन्हा ढाब्यावर. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मालवाहू ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय. चांगलं झालं, उशिरा झालं. पण तो एसी इंजिनवर चालतो. काका रात्री इंजिन बंद करून झोपतात, कारण डिझेल जळतं. म्हणजे झोपेच्या वेळी ते मॉडेल टीच्याच काळात. इंजिन बंद, वारा बंद.

पिकअप आला, गाडी सुरू झाली. मी काकांना पैसे द्यायला लागलो, त्यांनी घेतले नाहीत. जाताना केबिनमध्ये डोकावलो. सीटमागे फळीवर अंथरूण, देवाचा फोटो, आणि सॉकेटला लावलेला एक छोटा पंखा. म्हटलं, "काका, रात्रभर चालतो का हा?" म्हणाले, "नाही हो. दोन तास लावतो, मग बंद करतो. सकाळी गाडी सुरू व्हायला पाहिजे ना."

गणित त्यांनी केलं होतं.

भेटू पुढच्या भागात. तोवर बॅटरी जपा, आणि हायवेवर एखाद्या ट्रकशेजारी गाडी लावलीत तर हॉर्न वाजवू नका. आत कुणीतरी झोपलेलं असतं.