दमा : श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड

दम्याच्या दीर्घकालीन नियंत्रणासाठी थेट श्वासनलिकांत ओढून घ्यायचे, सूज उतरवणारे औषध. बेक्लोमेथासोन (ब्रिटनमध्ये १९७२ पासून वापरात), ब्युडेसोनाइड आणि फ्लुटिकासोन ही त्यातली नेहमीची नावे.

ही माहिती शिरगावातील दमेकऱ्यांना समोर ठेवून दिली आहे. शिरगाव हे पालघर तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. शेजारी सातपाटीचे मासेमारी बंदर, उत्तरेला बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या मूल्यांकनात देशातील १०० औद्योगिक क्षेत्रांत तारापूर ९३.६९ गुणांसह सर्वाधिक प्रदूषित ठरले. चुलीचा धूर, ओल्या भिंतींची बुरशी आणि सर्दी-पडसे यांनीही इथल्या दमेकऱ्याची छाती भरून येते.

धाप नसतानाही दम्यात श्वासनलिकांचे अस्तर सुजलेले असते. साल्बुटामॉलचा पंप नळ्या तेवढ्यापुरत्या मोकळ्या करतो, सूज तशीच राहते. ती उतरवण्याचे काम स्टेरॉइडचे. त्याचा फरक जाणवायला काही दिवस ते आठवडे लागतात, म्हणून ‘बरे वाटले, सोडून दिले’ ही या उपचारातली सर्वांत घातक चूक. कॅनडातील सस्कॅचवान प्रांतातल्या, २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वर्षभरात वापरलेल्या स्टेरॉइडच्या प्रत्येक जादा पंपामागे दम्याने मृत्यू येण्याचे प्रमाण सुमारे २१ टक्क्यांनी कमी आढळले. दम्याविषयीच्या ‘जिना’ या जागतिक मार्गदर्शिकेने २०१९पासून प्रौढ व किशोरवयीनांना नुसत्या साल्बुटामॉलवर ठेवू नये असे सांगितले आहे.

‘पंपाची सवय लागते’ ही भीती घरोघरी ऐकू येते. ती निराधार आहे. प्रौढांसाठी ब्युडेसोनाइडची कमी मात्रा दिवसाला २०० ते ४०० मायक्रोग्रॅम. तिचा मुख्य परिणाम फुप्फुसातच होतो. गोळीतले प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड मिलिग्रॅममध्ये मोजले जाते आणि रक्तातून सगळ्या शरीरभर फिरते. वारंवार गोळ्या घ्याव्या लागण्यापेक्षा रोजचा पंप कितीतरी सुरक्षित.

तोटे आहेत, पण बहुतेक आटोक्यातले. आवाज बसतो, तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे येतात. म्हणून दर वेळी चूळ भरून थुंकावे आणि पंपाला स्पेसर (पंप व तोंड यांच्यामधला पोकळ डबा) लावावा. मुलांची उंची साधारण एक सेंटिमीटरने कमी राहू शकते. अनियंत्रित दमा मुलाचे त्याहून जास्त नुकसान करतो. मोठी मात्रा वर्षानुवर्षे चालली तर मोतीबिंदू, हाडांची झीज व अधिवृक्क ग्रंथींचे मंदावणे संभवते. म्हणून दमा तीन महिने स्थिर राहिला की डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा पायरीपायरीने उतरवतात. एचआयव्हीवरील रिटोनाविर चालू असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. गरोदरपणात औषध मनाने बंद करू नये.

उपकरणात घालून ओढायच्या भुकटीच्या कॅप्सूलबाबत जास्त सांभाळावे लागते. काही जण ती पाण्याबरोबर गिळतात. तसे केल्यास औषध फुप्फुसात पोचतच नाही. किनाऱ्याच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, भुकटी चिकटते, म्हणून कॅप्सूल बाटलीतून ऐन वेळी काढावी आणि उपकरणात फुंकर मारू नये. जोरात, खोल ओढून दहा सेकंद श्वास रोखावा. आत भुकटी उरली असेल तर पुन्हा ओढावे. फवाऱ्याच्या पंपाचे तंत्र उलटे : आधी हलवावा, मग सावकाश ओढावा.

रंग, रसायने किंवा सुकी मासळी हाताळणाऱ्याचा त्रास सुट्टीच्या दिवशी कमी होत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. कामाच्या जागी त्या पदार्थांशी येणारा संपर्क टळल्याशिवाय अशा दम्यात नुसती मात्रा वाढवून भागत नाही.