साल्हेर : महाराष्ट्रातला सर्वात उंच किल्ला का महत्त्वाचा आहे आणि तिथे कसं जायचं?

दत्तजयंतीला सारंगखेड्यात घोडेबाजार भरतो, तेव्हा दूरदूरचे लोक तापीकाठी येतात. तिथून दोंडाईचा, साक्री, पिंपळनेर, ताहाराबाद, मुल्हेर या वाटेने बागलाणात गेलं की साल्हेर लागतो. घोडदळाने गाजवलेल्या एका मोठ्या लढाईचं हे ठिकाण.

किती उंच?

साल्हेरची उंची १,५६७ मीटर आहे. महाराष्ट्रात याहून उंच शिखर एकच, कळसूबाई (१,६४६ मीटर).

लढाई कशासाठी झाली?

सुरत आणि दख्खन यांना जोडणारे व्यापारी रस्ते बागलाणातून जात. म्हणून १६७१ च्या सुरुवातीला शिवाजी महाराजांनी साल्हेर घेतला, तेव्हा मुघलांनी त्याला वेढा घातला. हा वेढा उठवण्यासाठी सरनौबत प्रतापराव गुजर आणि पेशवे मोरोपंत पिंगळे दोन बाजूंनी चालून आले. फेब्रुवारी १६७२ मध्ये पायथ्याच्या मैदानात लढाई झाली. मुघल सरदार इखलासखान पकडला गेला. मराठ्यांचे सूर्याजी काकडे तोफेचा गोळा लागून धारातीर्थी पडले. सहा हजार घोडे आणि सव्वाशे हत्ती हाती लागल्याचं सभासद बखर सांगते.

मराठे गनिमी काव्याने, डोंगरांच्या आडोशानेच लढतात, असा समज होता. मोठ्या मुघल फौजेला मोकळ्या मैदानात हरवता येतं, हे साल्हेरने दाखवून दिलं.

वर कसं जायचं?

दोन वाटा आहेत. साल्हेरवाडीची वाट एकामागून एक दरवाजे ओलांडत चढते. वाघांबे गावातून निघालं तर आधी साल्हेर आणि शेजारचा सालोटा यांच्यामधली खिंड लागते, मग कातळात कोरलेल्या पायऱ्या. वर गुहा आणि गंगासागर तलाव आहेत. माथ्यावर परशुरामाचं छोटं मंदिर आहे. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात, त्यामुळे हिवाळा उत्तम. पिण्याचं पाणी खालूनच भरून घ्या आणि गावातला वाटाड्या सोबत ठेवा.

आता काय बदललं?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात साल्हेरही आहे. किल्ल्याचं संरक्षण राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे आहे. पण गर्दी वाढली तर त्याच अरुंद पायऱ्यांवर आणि त्याच पाण्यावर भार पडणार. म्हणून कचरा परत खाली आणणं आणि तळ्यात न उतरणं, एवढं तरी प्रत्येकाने पाळायला हवं.