उपनगरी तिकीट, संगणक आणि वसई-विरारचा प्रवासी : एक ऐतिहासिक आढावा

रेल्वेच्या तिकीटविक्रीसाठी गेल्या चार दशकांत जी संगणकीय साधने निर्माण झाली, त्यांचा वसई-विरारच्या प्रवाशाच्या दृष्टीने विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. या साधनांनी प्रवाशाची सोय केली हे निर्विवाद आहे. तथापि त्यांच्या रचनेत प्रवाशाच्या सचोटीविषयीची शंकाही आरंभापासून गुंफलेली होती, आणि तिची दखल सहसा घेतली जात नाही.

विरारहून मुंबईकडे पहिली गाडी 12 एप्रिल 1867 रोजी धावली. 1936 साली विजेची गाडी विरारपर्यंत आली. त्या काळातील जाड पुठ्ठ्याचे तिकीट हे थॉमस एडमंडसन या इंग्रज स्टेशनमास्तराच्या कल्पनेचे फलित होय. त्यावरील अनुक्रमांकामुळे विकलेल्या तिकिटांचा आणि जमा रकमेचा मेळ घालता येई. म्हणजे तेथे संशय प्रवाशावर नव्हे, तर खिडकीमागील कारकुनावर होता!

2011 च्या जनगणनेत वसई-विरार महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या 12 लाखांवर गेली. नायगाव, वसई रोड, नालासोपारा व विरार या स्थानकांवरील तिकीट खिडक्यांना हा भार पेलणे अशक्यच होते. आरक्षणाचे संगणकीकरण 1980 च्या दशकात झाले होते आणि 3 ऑगस्ट 2002 पासून आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर आरक्षित तिकीट मिळू लागले होते. पण महाजालावर घेतलेले ते तिकीट आरंभी कुरिअरने घरी येत असे! लोकलच्या अनारक्षित प्रवाशाला तर त्याचाही उपयोग नव्हता. त्याच्या वाट्याला प्रथम कूपन आणि ते छापून घेण्याचे यंत्र आले, नंतर स्मार्ट कार्डावर चालणारे स्वयंचलित यंत्र. पडद्यावरील नकाशात स्थानकाला बोट लावावे आणि तिकीट घ्यावे, इतकी ती सुटसुटीत योजना होती. प्रत्यक्षात मात्र अनेकांजवळ कार्ड नव्हते, काहींना पडद्याचा सराव नव्हता. अखेरीस निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांना कमिशनवर या यंत्रांशेजारी उभे करावे लागले, आणि ‘स्वयंचलित’ यंत्रापुढे माणसाच्या हातून तिकीट घेणाऱ्यांची नवी रांग तयार झाली.

भ्रमणध्वनीवरील तिकिटाचा आरंभही असाच अर्धवट होता. डिसेंबर 2014 मध्ये रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांच्या हस्ते यूटीएस उपयोजनाचा प्रारंभ झाला. मात्र तिकिटाची छापील प्रत घेण्यासाठी पुन्हा स्थानकावरील यंत्रापाशीच जावे लागे. जुलै 2015 मध्ये चर्चगेट ते डहाणू रोड या मार्गावर कागदविरहित तिकीट सुरू झाले, तेव्हा कोठे रांग खऱ्या अर्थाने टळली. रेल्वेच्याच ‘क्रिस’ या संगणक संस्थेने ते घडविले होते.

येथे एक अट होती आणि तीच ऐतिहासिकदृष्ट्या सर्वांत उद्बोधक आहे. फलाटावर किंवा रुळांलगत उभे राहून हे तिकीट काढता येत नसे. तपासनीस दिसताच गाडीतल्या गाडीत तिकीट काढणारा प्रवासी रेल्वेच्या डोळ्यांपुढे होता. त्याला अडविण्यासाठी उपग्रहाच्या साह्याने एक अदृश्य कुंपण आखण्यात आले. पूर्वी फाटकावर उभा राहणारा तिकीट कलेक्टर जणू आता आकाशात जाऊन बसला. स्थानकापासून फार दूरही असू नये, अशी दुसरी मर्यादा होती. उपनगरांत ती प्रथम दोन किलोमीटर होती, 2022 मध्ये पाच झाली आणि 2024 मध्ये काढून टाकण्यात आली. रुळांजवळची मर्यादा मात्र टिकली. उपग्रहाने दाखविलेल्या स्थानात काही मीटरांची चूक सहज होते. परिणामी, लोहमार्गाला खेटून वाढलेल्या नालासोपारा-विरारसारख्या वस्तीत प्रामाणिक प्रवाशालाही तिकिटासाठी स्थानकापासून काही पावले मागे सरकावे लागे. यावर उपाय म्हणून स्थानकांत क्यूआर संकेतचौकोन लावले गेले. त्यांची छायाचित्रे भ्रमणध्वनींवरून फिरू लागली आणि धावत्या गाडीतही तिकीट निघू लागले. रेल्वेची शंका निराधार नव्हती, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही मोजक्या लबाडांसाठी आखलेली रेषा सर्वांना ओलांडावी लागली. शिवाय भ्रमणध्वनी न वापरणाऱ्या, पहाटे भाजी वा मासळी घेऊन निघणाऱ्या विक्रेतीला या साऱ्या खटाटोपाचा काहीच लाभ नव्हता.

याच काळात, 2010 च्या सुमारास, सचिन टेके यांनी घडविलेले एम-इंडिकेटर हे उपयोजन साध्या भ्रमणध्वनींवरही पसरले. त्यात लोकलचे वेळापत्रक होते. पुढे गाडी कोठे पोहोचली, किती उशिरा धावत आहे, हे प्रवासीच त्यातून एकमेकांना कळवू लागले. लोकलचे तिकीट विकण्याचे काम त्याच्याकडे नव्हते, त्यामुळे प्रवासी कोठे उभा आहे याची चौकशी करण्याचेही त्याला कारण नव्हते.