ग्रंथकारांची सभा, वाचकांची जत्रा

11 मे 1878 रोजी पुण्याच्या हिराबागेत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी ग्रंथकार जमले, आणि आज ज्याला आपण अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन म्हणतो त्याची सुरुवात झाली. रानडे आणि लोकहितवादी यांनी ज्यांना बोलावले ते लिहिणारे होते. वाचणाऱ्यांना स्वतंत्र आमंत्रण नव्हते. पण ज्या अडचणीपोटी ही सभा भरली ती वाचकाचीच होती. छापखाने वाढले होते, पुस्तके निघत होती, मात्र ती विकत घेणारा आणि वाचणारा वर्ग तुटपुंजा होता. संमेलनाचा इतिहास सहसा अध्यक्षांच्या नामावळीने सांगितला जातो: कोण निवडून आले, कोण पडले, कोणाच्या भाषणावरून वाद झाला. या नामावळीतून व्यासपीठ दिसते, मांडव दिसत नाही. हे संमेलन दीडशे वर्षांच्या उंबरठ्यापर्यंत टिकले ते समोर बसणाऱ्या वाचकाच्या, आणि त्यातही तरुण वाचकाच्या, बळावर. तरीही त्याच्या व्यवस्थेत या वाचकाला आजवर कधी मानाचे पान मिळालेले नाही.

ऐकायला येणारा हा वर्ग आधीच घडत होता. पुण्यातील वसंत व्याख्यानमालेला 1875 मध्ये रानड्यांच्याच पुढाकाराने आरंभ झाला होता. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चे, मुंबईचे 1898 चे. म्हणजे व्याख्यान ऐकण्याची आणि वर्गणी भरून पुस्तक घरी नेण्याची सवय शहरांत रुजत होती, आणि 1906 च्या संमेलनात महाराष्ट्र साहित्य परिषद स्थापन झाली ती याच जमिनीत. इथे तारखांकडे जरा बारकाईने पाहावे. पहिली सभा मे महिन्यात, 1885 ची दुसरीही मे महिन्यात, परिषदेची स्थापना 27 मे 1906 ची, आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव करणारे बेळगावचे 1946 चे संमेलनही मे महिन्यातलेच. मे म्हणजे शाळा-कॉलेजांच्या सुटीचा महिना. शिक्षक मोकळे, विद्यार्थीही मोकळे. आयोजकांनी मुद्दाम विद्यार्थ्यांसाठी हा काळ निवडला असा दावा करता येणार नाही, पण त्याचा लाभ विद्यार्थ्यांना मिळत होता एवढे नक्की.

संमेलन वाचकाच्या बळावर टिकले, या म्हणण्यावर पहिली आणि सर्वांत जुनी हरकत महात्मा फुल्यांची आहे. 1885 च्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण त्यांनी नाकारले. माणसाला माणसाचे हक्क द्यायला जे तयार नाहीत त्यांच्या सभांशी आपला मेळ बसणार नाही, असे त्यांनी पत्रातून स्पष्ट कळवले. ही हरकत खोडून काढता येत नाही. मांडव सर्वांसाठी खुला आहे असे म्हणणे आणि तो खरोखर सर्वांचा असणे, यातले अंतर त्यांनी नेमके दाखवले होते. पण पुढे काय झाले तेही पाहायला हवे. ज्यांना हा मांडव आपला वाटला नाही त्यांनी मांडवाची कल्पना टाकून दिली नाही, त्यांनी आपला मांडव घातला. 1958 मध्ये दादरला पहिले दलित साहित्य संमेलन भरले, त्याचे उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले. 1999 मध्ये मुंबईत अखिल भारतीय संमेलन भरत असताना धारावीत विद्रोही साहित्य संमेलन उभे राहिले आणि बाबुराव बागूल त्याचे अध्यक्ष झाले. 2024 मध्ये अमळनेरला तर दोन्ही संमेलने एकाच गावात, एकाच सुमारास झाली. लेखकाने लोकांसमोर यावे आणि लोकांनी त्याला प्रत्यक्ष ऐकावे, ही गरज दोन्ही बाजूंना सारखीच वाटली. फुल्यांच्या आक्षेपाने संमेलनाच्या मालकांना दोषी ठरवले, वाचकाच्या हक्काला मात्र बळच दिले.

दुसरी हरकत अशी की संमेलनाचे खरे मोल विचारांत आणि ठरावांत आहे, बाकी सगळी गर्दी. या मताच्या बाजूने कऱ्हाडचे 1975 चे संमेलन हमखास पुढे केले जाते. आणीबाणी लागू होती, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण होते, आणि अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी लेखनस्वातंत्र्याची बाजू निर्भयपणे मांडली. पण हेच भाषण बंद खोलीत पंचवीस साहित्यिकांसमोर झाले असते तर? वृत्तपत्रांवर नियंत्रण होते तेव्हा त्या शब्दांना धार आली ती ते ऐकणाऱ्या माणसांमुळे. श्रोता हा संमेलनाचा साक्षीदार असतो. तो नसेल तर ठराव इतिवृत्तातच राहतात.

तिसरी हरकत आजची: संमेलनाची जत्रा झाली आहे. जेवणावळी, मंत्र्यांचे सत्कार, लांबलेले उद्घाटन, या तक्रारी खऱ्या आहेत. पण याच जत्रेत ग्रंथप्रदर्शनाचा भाग आहे, आणि तालुक्याच्या गावातून आलेल्या मुलासाठी तेच खरे संमेलन असते. त्याच्या गावातल्या पुस्तकाच्या दुकानात गाइडे, वह्या आणि स्पर्धापरीक्षांची पुस्तके मिळतात, कवितासंग्रह मिळत नाही. गाळ्यांच्या रांगेत अशी मुले ओळखू येतात. पुस्तक उचलायचे, उलटे करून आधी किंमत पाहायची, चार पाने उभ्याउभ्या वाचायची, जागेवर ठेवायचे, दोन गाळे फिरून यायचे आणि सवलत किती ते पुन्हा विचारायचे. शेवटी एक पुस्तक घ्यायचे आणि लेखक दिसला तर त्यावर सही मिळवायची. या व्यवहाराचे महत्त्व प्रकाशकांना नीट ठाऊक आहे. 2015 चे संमेलन पंजाबात, संत नामदेवांच्या घुमानला भरवायचे ठरले तेव्हा, तिथे मराठी वाचक कुठून येणार म्हणून त्यांनी उघड नाराजी व्यक्त केली होती. घुमानचे सांस्कृतिक औचित्य मोठेच होते. तरी वाचक नसेल तर संमेलनाचा एक पाय लंगडा पडतो, हे त्या नाराजीतून उघड झाले. पुस्तके आता मोबाइलवरून मागवता येतात, हे खरे. पण ज्याचे नाव माहीत आहे तेच मागवता येते. नाव माहीत नसलेले पुस्तक हातात पडायला गाळाच लागतो.

उरते ती शेवटची तक्रार: तरुण मुले येतात कुठे? मांडवात पांढरी डोकीच जास्त दिसतात, हे कोणी नाकारणार नाही. पण दोष मुलांना देण्याआधी दिनदर्शिका पाहावी. मे महिना कधीच मागे पडला. वर्ध्याचे 2023 चे आणि अमळनेरचे 2024 चे संमेलन फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात झाले, म्हणजे बारावीची परीक्षा तोंडावर आली असताना. दिल्लीच्या 98 व्या संमेलनाचे उद्घाटन 21 फेब्रुवारी 2025 रोजी झाले. त्याच दिवशी महाराष्ट्रात दहावीची परीक्षा सुरू झाली आणि पहिला पेपर मराठीचा होता. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यानंतरच्या पहिल्या संमेलनाचे व्यासपीठ सजत असताना ती भाषा शिकणारी लाखो मुले परीक्षेच्या बाकावर होती. त्यांना वाचनाची गोडी नाही, असा निकाल त्यांच्या माथी कसा मारायचा?

अमळनेरच्याच शाळेत साने गुरुजी शिक्षक होते आणि वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हाताने लिहून दैनिक काढत. वाचक घडवावा लागतो आणि तो कोवळ्या वयातच घडवावा लागतो, हे त्यांना उमगले होते. संमेलनाच्या व्यवस्थेत मात्र या वाचकाला स्थान नाही. अध्यक्षाची निवडणूक होत असे तेव्हा मतदार हजाराच्या आसपास असत. आता ती निवड एकमताने होते. दोन्ही पद्धतींत वाचकाला मत नाही, आणि ते द्यावे अशीही मागणी नाही. मागणी साधी आहे. संमेलन परीक्षांच्या हंगामात भरवू नये. विद्यार्थ्यांकडून प्रतिनिधी शुल्क घेऊ नये. यजमान जिल्ह्यातील शाळांच्या ग्रंथालयांना तिथेच पुस्तके निवडून घेता येतील एवढी रक्कम खर्चाच्या अंदाजपत्रकात आधी बाजूला काढावी, मग मांडवाच्या सजावटीचा विचार करावा. आणि संमेलन यशस्वी झाले की नाही हे अध्यक्षीय भाषणावरून ठरवण्याआधी, किती मुलांनी स्वतः निवडलेले पुस्तक घरी नेले, ते मोजावे.