‘रँग्लर’ या शब्दाची पूर्वपीठिका

मराठीत ‘रँग्लर’ हा शब्द रावबहादूर किंवा न्यायमूर्ती यांप्रमाणे नावाआधी लावण्याची उपाधी होऊन बसला. इंग्रजीत मात्र तो केंब्रिज विद्यापीठाच्या गणितातील पदवीपरीक्षेत प्रथम वर्ग मिळविणाऱ्याचा केवळ वाचक आहे. हा अर्थभेद कसा घडला, हे पाहू गेल्यास त्या परीक्षेच्याच इतिहासात शिरावे लागते.

शब्दाचा मूळ अर्थ हुज्जत घालणारा असा. केंब्रिजची पदवीपरीक्षा पूर्वी तोंडी व लॅटिन भाषेत होत असे. विद्यार्थ्याने एखादे प्रमेय पुढे करावयाचे व प्रतिपक्षाच्या आक्षेपांपासून त्याचे रक्षण करावयाचे. आपल्याकडील शास्त्रार्थाशी हिचे साम्य उघड आहे. ‘ट्रायपॉस’ हे परीक्षेचे नाव वादकर्त्या पदवीधराच्या तिपाईवरून पडले, असे मानतात. द्वितीय व तृतीय वर्गांची ‘ऑप्टिमे’ ही संज्ञाही ‘उत्तम वाद केलास’ या लॅटिन उद्गारातील आहे. अठराव्या शतकाच्या ओघात परीक्षा लेखी झाली, इंग्रजीत आली, वाद पुढे लोपला. वादसभेचे शब्द तेवढे मागे राहिले.

त्यांच्या जोडीस आला तो गुणानुक्रम. ही क्रमवार यादी 1748 पासून प्रसिद्ध होऊ लागली. पहिला तो ‘सीनियर रँग्लर’. शेवटच्यास लाकडी चमचा. या क्रमासाठी अध्यापनाचे केंद्र प्राध्यापकाकडून खाजगी शिकवणाऱ्याकडे सरकले. हॉपकिन्स व त्याचा शिष्य राउथ यांच्या हाताखाली विद्यार्थी वर्षानुवर्षे प्रश्न सोडविण्याचा वेग कमावीत. राउथच्या शिष्यांपैकी विसांहून अधिक जण पहिले आले. स्वतः राउथ 1854 मध्ये पहिला, तर मॅक्सवेल दुसरा होता! पुढे लॉर्ड केल्व्हिन झालेला टॉम्सनही 1845 मध्ये दुसराच. क्रमाची ही मोजणी काय मोजीत होती, याची शंका यावी, अशीच ही उदाहरणे आहेत. 1890 मध्ये फिलिपा फॉसेट हिचे गुण पहिल्यापेक्षा अधिक भरले. परंतु ती स्त्री असल्याने तिला पदवीच नव्हती. तेथील स्त्रियांना पूर्ण पदवी 1948 मध्ये मिळू लागली.

परीक्षेच्या पद्धतीत सुधारणाही परीक्षेच्याच द्वारे झाली, हे नमूद केले पाहिजे. 1817 मध्ये परीक्षक असलेल्या पीकॉकने प्रश्नपत्रिकेत न्यूटनच्या टिंबांऐवजी लाइब्निट्सची चिन्हपद्धती वापरली. चिन्हे ही देखील लिपीच असल्याने भाषाभ्यासकास हा बदल क्षुल्लक वाटू नये. लिपी बदलताच युरोपखंडातील गणिताचे वाङ्मय विद्यार्थ्यास सुगम झाले.

भारतीयांपैकी आनंदमोहन बोस हे 1874 मध्ये पहिले रँग्लर झाले. तथापि मराठीत शब्द रुजला तो 1899 मध्ये, दापोलीजवळील मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे बर्टविसल याच्या बरोबरीने यादीत प्रथम आले तेव्हा. राज्यकर्त्यांच्याच घरच्या कसोटीवर हा विजय होता. म्हणून वर्गवाचक शब्द येथे मानाची उपाधी ठरला, असे मला वाटते. विलायतेत तोवर या क्रमाविषयी असंतोष वाढत होता. 1898 चा चौथा रँग्लर हार्डी याने परीक्षेवर पुढे कठोर टीका केली. क्रमवार यादी अखेरची लागली 1909 मध्ये. तेथून पुढे वर्ग जाहीर होई, वर्गातील क्रमांक नव्हे. मराठी व्यवहाराने मात्र या घटनेची नोंद घेतलेली दिसत नाही. त्यानंतर केंब्रिजला गेलेले गणेश सखाराम महाजनी हेही ‘रँग्लर महाजनी’ याच नावाने ओळखले गेले.